प्रस्तावना : आपली बखर आपणच लिहिणारं गाव

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, केरी परगण्यात, डिंगल नावाचं लांबट द्वीपकल्प अटलांटिक महासागरात शिरलं आहे. त्याच्या अगदी टोकाला डून खीन हे गाव आहे. समोर समुद्रात ब्लास्केट बेटं दिसतात. मुख्य बेटं सहा. त्यांतलं सर्वांत मोठं ग्रेट ब्लास्केट. त्याची लांबी सुमारे सहा किलोमीटर, रुंदी किलोमीटरभर, आणि कण्यासारखा उभा डोंगर २९२ मीटर उंचीचा. किनाऱ्याकडे तोंड असलेल्या उतारावर बेटावरचं एकुलतं एक गाव वसलेलं होतं. त्याची लोकसंख्या भरात असताना, १९१६च्या सुमारास, पावणेदोनशेच्या आसपास होती. १९५३ साली बावीस माणसं उरली, आणि त्या वर्षी १७ नोव्हेंबरला सरकारने ती किनाऱ्यावर हलवायला सुरुवात केली. आज तिथे कायमची वस्ती नाही.

एवढ्याशा गावावर मराठीत स्वतंत्र पुस्तक कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणं स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर सुरुवातीलाच द्यायला हवं. १९२८ ते १९३६ या आठ-नऊ वर्षांत या गावातल्या तीन माणसांनी आपल्या आयुष्याची हकिगत आपल्या भाषेत, म्हणजे आयरिशमध्ये, जगापुढे ठेवली. त्यांतला एक म्हातारा मच्छीमार, एक तरुण पोलीस शिपाई, आणि एक गोष्टी सांगणारी बाई. पैकी कुणालाही लेखक व्हायचं नव्हतं. तरीही त्यांची पुस्तकं आधुनिक आयरिश गद्याचा पाया मानली जातात. खेड्यांविषयी बाहेरच्यांनी लिहिलेलं जगात पुष्कळ आहे. खेड्याने स्वतःविषयी, स्वतःच्या बोलीत, एकाच काळात तीन वेगवेगळ्या तोंडांनी बोलणं मात्र फार दुर्मीळ. ब्लास्केटचा वारसा म्हणजे हे बोलणं. आणि हे बोलणं ज्याने डोक्यावर घेतलं, त्या नव्या आयरिश राष्ट्राला ती बोलणारी माणसं त्यांच्या जागी टिकवता आली नाहीत. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय या गावाचा इतिहास समजत नाही, असं माझं मत आहे आणि हे पुस्तक त्याच मतावर उभं आहे.

बेटाचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. मध्ययुगात ही बेटं फेरिटर घराण्याच्या ताब्यात होती. या घराण्यातला कवी आणि सरदार पिअरस फेरिटर इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात उतरला आणि १६५३ साली किलार्नीत फासावर गेला. बेटाच्या एका टोकाला अजूनही ‘किल्ल्याचं टोक’ असं नाव आहे. पुढे जमीन अर्ल ऑफ कॉर्कच्या घराण्याकडे गेली आणि बेटकरी खंड भरणारी कुळं झाली. खंड वसूल करायला कारकून आणि शिपाई होडीतून येत. त्यांना चुकवण्याच्या, कधी दगडांनी परतवण्याच्या गोष्टी गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १५८८मध्ये स्पॅनिश आरमारातलं ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज बेट आणि किनारा यांच्यामधल्या खाडीत बुडालं. त्याचे अवशेष १९६८ साली पाणबुड्यांना सापडले. या खाडीतले प्रवाह किती घातकी आहेत याचा हा एक जुना नोंदलेला पुरावा. हीच खाडी ओलांडून बेटकऱ्यांना पीठ, मीठ, टपाल, धर्मगुरू आणि शवपेटी आणावी लागे.

१८४५पासून बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये महादुष्काळ आला. देशभरात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच परागंदा झाली. ब्लास्केटलाही त्याची झळ लागली. दीडशेच्या घरातली वस्ती शंभराच्या आसपास आली. तरी किनाऱ्यावरच्या गावांच्या मानाने बेट सावरलं, कारण बेटकऱ्याच्या पोटाला नुसत्या बटाट्याचा आधार नव्हता. समुद्रातले मासे, खडकांना चिकटलेले शिंपले, सीलचं मांस, कड्यावरच्या पाखरांची अंडी, डोंगरावरचे ससे असं सगळं त्याच्या ताटात असे. वादळात फुटलेल्या जहाजांचा मालही वाहून येई. वर उल्लेखलेला म्हातारा मच्छीमार, तोमास ओ क्रिहन, यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एकदा चहाच्या पेट्या किनाऱ्याला लागल्या. चहा म्हणजे काय हे तेव्हा बेटावर कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून बायकांनी त्या पाल्यात परकर रंगवले. पहिल्या महायुद्धात अशा बुडालेल्या जहाजांनी बेटाला काही काळ सुबत्ताही दिली. किनाऱ्यावर युद्धाची भीती होती तेव्हा इथल्या घरांत पीठ, लाकूड आणि कापूस साठत होता.

गावाची ठेवण वाऱ्याने ठरवली होती. बेटावर एकही झाड नाही. सुसाट वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून घरं उतारात खणून, डोंगरात पाठ रुतवून बांधली जात. भिंती दगडाच्या. आधी छप्पर लव्हाळ्याचं, नंतर डांबर लावलेल्या जाड कापडाचं. लव्हाळ्याच्या छपरात कोंबड्या घरटी करून अंडी घालत, आणि कधी कधी एखादं पिल्लू खाली जेवणाऱ्यांच्या ताटात पडे, असं तोमास लिहितात. एकाच खोलीत माणसं, गाय आणि कोंबड्या रात्र काढत. जळणासाठी डोंगरावरचं पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, गाढवाच्या पाठीवरून आणत. गावात चर्च नव्हतं, दुकान नव्हतं, दारूचा गुत्ता नव्हता. डॉक्टर नव्हता. शाळा १८६४पासून होती, आणि तीत शिकवण्याची भाषा इंग्रजी होती.

मासेमारीची होडी म्हणजे ‘नेव्होग’. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर पाजलेलं कापड ताणून ती बनवतात. खिळ्यांच्या जड लाकडी होडीला लागतं तसं मोठं बंदर तिला लागत नाही. तीन-चार माणसं ती उलटी करून डोक्यावर घेतात आणि चढावर नेऊन ठेवतात. वजनाला हलकी असल्याने ती लाटेवर तरंगते, पण धारदार खडक लागला की फाटते. हिवाळ्यात कित्येक दिवस ती पाण्यात घालता येत नसे. तेवढे दिवस बेट जगापासून तुटलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेवंडाचा धंदा वाढला. फ्रेंच जहाजं थेट बेटापाशी येऊन शेवंड विकत घेत. खारवलेला बांगडा अमेरिकेला जाई. १९०७च्या सुमारास सरकारी कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने बेट जमीनदाराकडून घेतलं, विखुरलेली शेतं नीट वाटून दिली, आणि गावाच्या वरच्या अंगाला काही नवी पक्की घरं बांधली. बेटकरी आपल्या जमिनीचे मालक झाले ते तेव्हा.

या गावाला एक ‘राजा’ होता. त्याचं नाव पाड्रिग ओ कहान. ही पदवी वारशाने किंवा कायद्याने आलेली नव्हती. लोकांनी मानाने दिलेली होती. हा राजा डून खीनहून टपाल आणायचा, बातम्या सांगायचा, आणि पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घ्यायचा. १९०५ साली नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग त्याच्याच घरी राहिले. संध्याकाळी एका विशिष्ट घरात गावकरी जमत, जगाच्या कारभारावर वाद घालत, म्हणून त्या घराला ‘डॉल’, म्हणजे संसद, असं नाव पडलं होतं. लांबलेल्या हिवाळी रात्री गोष्टी, गाणी, कोडी आणि फिडलचं वादन यांवर काढल्या जात. ‘पोर्ट ना बूकी’, म्हणजे भुताखेतांची धून, ही आयर्लंडभर वाजवली जाणारी सुरावट याच बेटांतली. शेजारच्या बेटावर रात्री समुद्रातून ऐकू आलेले सूर कुणीतरी फिडलवर उचलले, अशी तिची आख्यायिका आहे.

आता या कथेचा कणा. एकोणिसाव्या शतकात आयरिश ही गरिबांची आणि अडाण्यांची भाषा मानली जाऊ लागली होती. दुष्काळाने तिचे बोलणारेच सर्वांत जास्त नेले, आणि उरलेल्या आईबापांनी मुलांना अमेरिकेसाठी इंग्रजी शिकवलं. १८९३मध्ये गेलिक लीग स्थापन झाली आणि शहरी सुशिक्षित मंडळी भाषेच्या शोधात पश्चिम किनाऱ्याला येऊ लागली. ब्लास्केटला आलेल्या मंडळींचं वेगळेपण हे, की ती विद्यार्थी म्हणून आली. १९०७मध्ये नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रँडर आले आणि त्यांनी तोमासना आपला शिक्षक केलं. मार्स्ट्रँडर यांच्याच सांगण्यावरून १९१०मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या हस्तलिखित विभागातले रॉबिन फ्लॉवर आले, आणि आयुष्यभर येत राहिले. बेटकऱ्यांनी त्यांचं नाव ‘ब्लाहीन’, म्हणजे छोटं फूल, असं ठेवलं. १९४६ साली ते वारल्यावर त्यांची रक्षा याच बेटावर विखुरण्यात आली. १९२३मध्ये केंब्रिजचे जॉर्ज थॉमसन आले. ते ग्रीकचे अभ्यासक. होमरच्या काव्यातली बोली जिवंत समाजात कशी असेल याचा उलगडा आपल्याला ब्लास्केटवर झाला, असं ते पुढे सांगत. विद्यापीठातला माणूस मच्छीमारापुढे पाटी घेऊन बसतो, तेव्हा मच्छीमाराला आपल्या बोलण्याची किंमत कळते. हे घडलं नसतं तर पुस्तकं झाली नसती.

तोमास ओ क्रिहन शाळेत इंग्रजी वाचायला शिकले होते. आयरिश त्यांच्या तोंडात होती, पण कागदावर ती कशी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चाळिशीच्या आसपास, वादळामुळे किनाऱ्यावर अडकून पडलं की, ते डून खीनच्या घरांत मुलांची आयरिश पुस्तकं वाचू लागले आणि त्यातून स्वतः लिहायला शिकले. १९१७मध्ये किलार्नीचे ब्रायन ओ केली बेटावर आले. त्यांनी तोमासना मॅक्झिम गॉर्की आणि पिएर लोती यांच्या पुस्तकांतले भाग वाचून दाखवले. मच्छीमार आणि मजूर यांच्या आयुष्यावरही पुस्तक होऊ शकतं, हे दाखवण्यासाठी. तोमासनी रोजच्या गोष्टी लिहून पाठवायला सुरुवात केली. त्यातून १९२८मध्ये रोजनिशीवजा पुस्तक आणि १९२९मध्ये ‘अन तिलानख’, म्हणजे ‘बेटकरी’, हे आत्मचरित्र आलं. तोमासची बहुतेक मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. एक कड्यावरून पडून, एक १९०९मध्ये बुडणाऱ्या मुलीला वाचवताना समुद्रात. हे सारं ते दोन-चार वाक्यांत सांगतात आणि पुढे जातात. त्या आटोपशीरपणात जे बळ आहे, ते विलापात नाही.

मुरिश ओ सूलिव्हान यांचं पुस्तक याच्या अगदी उलट प्रकृतीचं. लहानपणीच आई गेल्याने ते काही वर्षं डिंगलच्या अनाथालयात इंग्रजीत वाढले, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास बेटावर परतले. त्यामुळे बेट त्यांनी नव्या डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेला जाण्याचा त्यांचा विचार थॉमसन यांनी बदलवला. १९२७मध्ये ते आयर्लंडच्या पोलीस दलात भरती झाले. १९३३मध्ये त्यांचं ‘फिहे ब्लिअन एग फास’, म्हणजे ‘वाढत्या वयाची वीस वर्षं’, प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी इंग्रजी अनुवादही आला, आणि त्याला ई. एम. फॉर्स्टर यांनी प्रास्ताविक लिहिलं. या पुस्तकात सशांची शिकार आहे, होड्यांच्या शर्यती आहेत, आजोबांचे प्रेमळ उपदेश आहेत. अमेरिकेला निघालेल्या बहिणीसाठी रात्रभर चाललेला निरोपाचा सोहळाही आहे. बेटावर आनंद होता, हे ठासून सांगणारं हे पुस्तक आहे.

पेग सेयर्स जन्माने डून खीनच्या. अमेरिकेला गेलेली मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती, पण तिला अपघात झाला आणि पेगचं जाणं राहिलं. १८९२ साली, नीट ओळखही नसलेल्या माणसाशी लग्न करून त्या बेटावर सून म्हणून आल्या. त्यांना आयरिश लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या आणि मुलाने लिहून घेतलं, असं त्यांचं आत्मचरित्र १९३६मध्ये आलं. पण पेगचा खरा मोठेपणा पुस्तकाबाहेर आहे. १९३५मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाच्या संग्राहकाने त्यांच्या तोंडून साडेतीनशेहून अधिक कथा टिपून घेतल्या. त्यांत वीरकथा होत्या, धार्मिक कथा होत्या आणि चावट कथाही होत्या. पुढे त्यांचं आत्मचरित्र देशभरच्या शाळांत लावलं गेलं आणि कित्येक पिढ्यांना पेग म्हणजे रडगाणं गाणारी म्हातारी वाटू लागली. हा त्यांच्यावर झालेला मोठा अन्याय. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं, त्यांनी त्यांच्या हशाची आणि हजरजबाबीपणाची आठवण सांगितली आहे. या पुस्तकातलं त्यांच्यावरचं प्रकरण मुद्दाम कथांवर बेतलं आहे.

पुस्तकं येत होती, आणि तेव्हाच गाव रिकामं होत होतं. पहिल्या महायुद्धानंतर बांगड्याची अमेरिकी बाजारपेठ कोसळली. बाहेरच्या यांत्रिक बोटींनी समुद्र उपसला. मुली आधी गेल्या, त्यांच्यामागे मुलगे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात ब्लास्केटवाल्यांची मोठी वस्ती झाली. बेटावर लग्नं थांबली. १९४१मध्ये शाळा बंद पडली, तेव्हा पटावर तीन मुलं होती. १९४२मध्ये पेग किनाऱ्यावर परतल्या. त्याच वर्षी तोमासचा मुलगा आणि सून आयलीश ही मुलीला घेऊन गेली. आयलीशने लंडनच्या एका स्नेह्याला वीस वर्षं लिहिलेली इंग्रजी पत्रं १९७८मध्ये प्रसिद्ध झाली. गाव विझतानाचा काळ आतून दाखवणारा त्याहून चांगला दस्तऐवज नाही.

१९४६-४७च्या हिवाळ्यात एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. वादळामुळे बिनतारी दूरध्वनी बंद होता, खाडी ओलांडता येत नव्हती. तो डॉक्टरविना, धर्मगुरूविना गेला. त्याच्यासाठी शवपेटीही किनाऱ्याहून आणावी लागली. काही महिन्यांतच, १९४७च्या वसंतात, वादळात अडकलेल्या गावाने पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांना तार करून अन्न मागितलं. डी व्हॅलेरा त्या उन्हाळ्यात स्वतः बेटावर आले. गावकऱ्यांनी हलवण्याची मागणी केली. ती पुरी व्हायला आणखी सहा वर्षं लागली. १९५३च्या नोव्हेंबरात त्या दिवशीही समुद्राने सगळ्यांना एकदम जाऊ दिलं नाही.

गाव उठवणं क्रूर होतं, असं मी म्हणत नाही. १९५३ साली तो उपकारच होता. चूक त्याआधीच्या तीस वर्षांची. १९२२मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने आयरिशला राष्ट्रभाषेचा मान दिला, शुद्ध भाषेचा नमुना म्हणून ब्लास्केटकडे बोट दाखवलं, तिथली पुस्तकं शाळेत लावली. पण सुरक्षित धक्का, मोटरबोट, डॉक्टर, मासळीला बाजार यांपैकी काहीही भाषेच्या धोरणात बसलं नाही. भाषा म्हणजे शब्द, असं दिल्लीप्रमाणेच डब्लिनच्या सचिवालयांनाही वाटत आलं आहे. भाषा म्हणजे ती बोलत पोट भरणारी माणसं, हे ब्लास्केटने सिद्ध करून दाखवलं. ती माणसं गेली आणि तिथली ती भाषाही गेली.

गावाचा वारसा कुणाचा, हा वाद पुढे न्यायालयातही गेला. १९८९च्या कायद्याने बेट राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करण्यासाठी जमीन सक्तीने घेण्याची तरतूद झाली, पण जुन्या रहिवाशांच्या वंशजांना त्यातून सूट मिळाली. जमीनमालकांनी दाद मागितली. १९९८मध्ये उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण तो माणसामाणसांत वंशावरून भेद करत होता. त्यानंतर सरकारने बरीचशी जमीन खरेदीने घेतली. डून खीनला १९९३मध्ये उघडलेलं ब्लास्केट केंद्र गावाची कथा सांगतं. तोमासच्या घराची डागडुजी झाली आहे. २०२०मध्ये उन्हाळ्यापुरती बेटाची देखभाल करायला एक जोडपं हवं अशी जाहिरात आली, तेव्हा जगभरातून हजारो अर्ज आले. बेटाचं आकर्षण संपलेलं नाही. संपला आहे तो तिथला संसार.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. पहिल्या भागात बेटाचा भूगोल, शेती आणि समुद्र आहे. दुसऱ्यात पाहुणे आणि त्यांचे शिक्षक. तिसऱ्यात तीन लेखक, प्रत्येकी स्वतंत्र प्रकरणात. चौथ्यात गाव उठणं आणि त्यानंतरचा काळ. आयरिश नावं त्यांच्या लेखनावरून वाचली तर भलतीच होतात, म्हणून ती शक्यतो केरीकडच्या उच्चाराप्रमाणे दिली आहेत. ब्लास्केटच्या पुस्तकांतले उतारे इथे दिलेले नाहीत. त्यांचा सारांश दिला आहे, कारण ती पुस्तकं सबंध वाचावीत अशीच माझी इच्छा आहे. तिन्ही इंग्रजी अनुवादात सहज मिळतात. आधी मुरिश, मग तोमास, शेवटी पेग, असा क्रम नव्या वाचकाला सोयीचा पडेल.

हे पुस्तक वाचून कुणाला आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या माणसाचं बोलणं त्याच्याच शब्दांत, सुधारणा न करता, लिहून घ्यावंसं वाटलं, तर त्याने ते याच वर्षी करावं. आणि त्या माणसाला गावातच राहून जगता येईल असा रस्ता, दवाखाना आणि बाजार मिळावा, याचा आग्रहही तेवढ्याच जोराने धरावा. पहिलं काम दुसऱ्यावाचून अपुरं आहे.